बिननांगरी वावर

लिहून ठेवणार : सोजराबाई, कै. पुंजाजी अवचार यांची विधवा, वय अंदाजे छप्पन, धंदा शेती, राहणार मौजे सुलतानपूर, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा.

मी लिहून ठेवते ते असे की, आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे, माणसे ओळखू येतात, बोललेले ध्यानात राहते, आणि हा कागद करण्यासाठी मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून बसवलेले नाही. शरीर मात्र थकले आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काळीज मोठे झाले असल्याचे सांगितले. घरापासून वावरापर्यंत मी पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन एका दमात जात असे. आता रिकाम्या हाताने जाते आणि वाटेत तीनदा बसते. म्हणून जे माझे आहे त्याची वासलात मी माझ्या हयातीत सांगून ठेवते. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

माझे शिक्षण तिसरीपर्यंत झाले. सही येते, वाचता येते, पण एवढे लिहिण्याचा हात नाही. म्हणून गावातील सेवानिवृत्त शिक्षक भगवंतराव यांच्याकडून हे लिहवून घेत आहे. त्यांचे म्हणणे पडले की मृत्युपत्रात इतकी हकीकत घालत नाहीत. मी त्यांना सांगितले की हकीकत काढली तर वावर कोणाला दिले एवढेच राहील, का दिले ते राहणार नाही, आणि मग गाव म्हणेल की म्हातारीला शेवटी भूल पडली. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतले.

कलम १. माझ्या मालकीचे वावर मौजे सुलतानपूरच्या शिवारात आहे. क्षेत्र नऊ एकर वीस गुंठे, सगळी काळी भारी जमीन. पूर्वेस नाला, उत्तरेस गाडरस्ता, पश्चिमेस कडूबा यांचे वावर, दक्षिणेस माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, कै. हिंमतराव यांचे वावर. भावाभावांच्या वाटणीत हे यजमानांकडे आले, त्यांच्या मागे माझ्या नावावर चढले, आणि छप्पन सालच्या वारसाच्या कायद्याने त्याची पुरी मालकी माझी झाली. गाव त्याला ‘बिननांगरी’ म्हणते. एकवीस वर्षांत त्यात नांगर एकदाच फिरला, तोही मला न विचारता. ते पुढे येईल.

कलम २. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, माझी सोन्याची गाठी, कानातल्या बुगड्या आणि पोस्टात जे काही असेल ते माझी एकुलती मुलगी कोकिळा हिला द्यावे. ती मेहकरला असते. जावई एस.टी.च्या कामावर आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते मला आई म्हणतात आणि दर दिवाळीला न्यायला येतात.

वावर मी कोकिळेला देत नाही. यावरून तिच्याबद्दल कोणी वाईट बोलू नये, कारण ते तिनेच मागितलेले नाही. गेल्या दिवाळीत मी तिला विचारले. ती चकल्या तळत होती. झारा खाली ठेवून म्हणाली, “आई, ते वावर मले देऊ नको. मी त्याच्यात पाय ठेवला की मले विहिरीवरच्या पोरी आठवतात.” त्या पोरी तिला बिननांगरीची पोरगी म्हणून हाक मारत, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तिने कधी घरी सांगितले नव्हते. सात वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत तिने ते ऐकले. मी नऊ एकर सांभाळत होते आणि हे एक माझ्या नजरेतून सुटले. कोकिळा, घर तुझे आहे. ते वीक, ठेव, तुला वाटेल ते कर.

कलम ३. वावर बिननांगरी का राहिले ते लिहिते.

यजमान सन १९५३ च्या वैशाखात मुदतीच्या तापाने गेले. तेव्हा आपला जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. नांगरणीचे दिवस होते. आमच्याकडे बैलजोडी एकच. भारी काळीत लोखंडी नांगर ओढायला चार जोड्या लागत, आणि बाकीच्या तीन दरवर्षी भासऱ्यांकडून येत. दिवस झाल्यावर मी जावेला, म्हणजे अन्नपूर्णाबाईंना, विचारायला सांगितले की नांगर कधी येईल. भासऱ्यांशी मी बोलत नसे. आमच्यात थोरल्या दिरासमोर पदर ओढून बाजूला व्हायचे, बोलणे जावेमार्फत. जावेने निरोप आणला की वावर बटईने त्यांना लावून द्यावे. अर्धे पीक घरी येईल, बाईमाणसाला वणवण नको. बटईला दिले नाही तर बैल मोकळे नाहीत.

त्यांना माझे वाईट करायचे होते असे मी तेव्हा म्हणत होते. आज तसे म्हणत नाही. पण बटईने गेलेले वावर विधवेकडे परत येताना मी पाहिलेले नव्हते. मी नाही म्हणून कळवले.

मग मी घरच्या जोडीला नांगर जुंपायला निघाले. एका जोडीने काय झाले असते ते सोडा, पण नांगराच्या रुमण्याला माझा हात लागण्याआधीच चार माणसे अंगणात आली. बाईने नांगर धरला की पाऊस शिवार सोडून जातो, असे त्यांचे म्हणणे. कोणी रागावून बोलले नाही. समजावूनच सांगितले. त्यांच्यातल्या एकाने नांगर उचलून गोठ्यात आडोशाला ठेवून दिला. गडी ठेवावा तर भासऱ्यांना दुखवून माझ्याकडे कोण येणार?

तेव्हा एकच बाई माझ्याकडे आली. बनाबाई. तिचा नवरा तिला टाकून गेलेला होता, घर मजुरीवर चाले. ती म्हणाली की बाईने नांगर धरू नये असे आहे, हाताने भोक करून बी टोबू नये असे तर कोणी म्हटले नाही. सरकी टोबणे, खुरपणे, वेचणे, कापणे ही सगळी बायांचीच कामे. मग जेवढे बायांच्या हाताने होते तेवढेच करायचे, असे आम्ही ठरवले. यात कसली विद्या नव्हती. दुसरा रस्ता नव्हता, एवढेच.

माझे माहेर देऊळघाटचे. वडील भाजीपाला करत. त्यांच्या मळ्यात एक वाफा रिकामा झाला की आई लगेच त्यात मेथी किंवा चवळी फेकून देई. म्हणे, उघड्या जमिनीत गवत फुकट येते, मग आपणच काही का आणू नये. ते मला आठवले. आम्ही पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमध्ये मटकी आणि कुळीथ टाकले. वेल पसरले, भुई झाकली. शेंगा तोडल्या आणि वेल तिथेच राहू दिले. पऱ्हाटी उपटली नाही, बुडाशी कापली.

पहिल्या वर्षी पीक जवळजवळ आलेच नाही. हे मी स्पष्ट लिहवते, कारण आता काही लोक असे बोलतात की सोजराबाईला पहिल्यापासून कळले होते. मला काही कळले नव्हते. कुंदा गवताने अर्धे वावर खाल्ले. ते नांगराशिवाय जात नाही, असे सगळे म्हणत. बनाबाई आणि मी कुदळीने एकेक बेट खणून काढत होतो. तीन उन्हाळे त्यात गेले. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून सरळ होत नाहीत. झाकलेल्या जमिनीत उंदीरही फार. हे ज्याला वावर मिळेल त्याने आधी समजून घ्यावे.

कलम ४. चौथ्या वर्षी मी बोरू, म्हणजे ताग, पेरला. म्हणजे नाल्याकडच्या निम्म्या भागात पावसाळ्यात दुसरे काहीच न घेता नुसता बोरू. लोक बोरू दोरासाठी करतात. मी तो पिवळी फुले लागल्याबरोबर विळ्याने कापून जागच्या जागी आडवा केला. आश्विनात त्याच आच्छादनात बोटभर भोक करून शाळू टोबला. ज्यांनी पाहिले त्यांना वाटले की दुःखाने डोके फिरले.

काळ्या जमिनीचे असे आहे की ती भिजली की पायाला मणभर चिकटते आणि वाळली की दगड होते. या दोहोंच्या मध्ये वाफसा असतो, दोन-चार दिवसांचा, तेवढ्यातच तिच्यात शिरता येते. तो चुकला आणि नांगर घातला की घागरीएवढी ढेकळे निघतात, ती फुटेपर्यंत बैलांच्या खांद्याला सूज येते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझ्या वावरात सातव्या-आठव्या वर्षी भेगा बोटाएवढ्या राहिल्या. पाऊस पडला की शेजारच्या वावरातून गढूळ पाणी नाल्याला जाई. माझ्याकडून जाई ते थोडे आणि बरेच निवळ. का, ते मला सांगता येत नाही. बोरूचे मूळ खोल जाते, मरते, त्या वाटेने पाणी खाली उतरते, असे मला दिसले तेवढे सांगते.

एकदा शेतीखात्याचे एक साहेब आले होते. मातीत काठी खुपसून पाहिली, वहीत काहीतरी लिहिले, आणि जाताना म्हणाले की बाई, हे आमच्या शिफारशीत बसत नाही. मी त्यांना चहा दिला. ते पुन्हा आले नाहीत.

कलम ५. सन १९६७ च्या चैत्रात माझी आई देऊळघाटला वारली. मी पंधरा दिवस तिकडे होते. परत येताना मेहकरहून दुपारची गाडी धरली, फाट्यावर उतरले आणि घरी न जाता वावराकडे वळले. आवाज लांबूनच येत होता.

भाड्याचा ट्रॅक्टर होता. सुलतानपूरच्या शिवारात तो त्या साली नवीनच येऊ लागला होता. नऊ एकर जवळजवळ उलटून झाले होते, नाल्याकडचा एक पट्टा राहिला होता. तेरा वर्षांचे आच्छादन खाली गेले होते आणि खालची पिवळट माती वर आली होती. ढेकळे एवढी की त्यांच्यावरून मला नीट चालता येईना. भासरे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली उभे होते.

पदर माझ्या डोक्यावर होता. पण मी बाजूला झाले नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर उभी राहून बोलले. मी म्हणाले, “दादा, हे काऊन केलं?”

ते माझ्याकडे न पाहता बोलले. “गावात लोक मले विचारून राह्यले. पुंजाचं वावर मसणासारखं पडलं, भाऊ असून तुम्ही काय करता, म्हणून. आता नीट झालं. भाडं मी देऊन राह्यलो. तू काही देऊ नको.”

मी म्हणाले, “हे पुंजाजीचं वावर नाही. हे माझं हाय.”

त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हात करून थांबवले, आणि ते गाडरस्त्याने घरी गेले. तो पट्टा तेवढा वाचला. नाल्याकडचा अर्धा एकर.

त्या पावसाळ्यात माझ्या वावरातून जी माती गेली ती मी धुऱ्यावर बसून पाहिली. मोकळी केलेली जमीन पहिल्या दोन मोठ्या पावसांत लोण्यासारखी झाली आणि वाहिली. मग वरून जी बसली ती फरशीसारखी. टोबलेले दाणे तिच्याखाली पिवळे पडून मेले. बनाबाई मला म्हणाली की बाई, चला उठा, घरी चला. मी उठले. दुसऱ्या दिवशी वाचलेल्या पट्ट्यातला बोरू बियाण्याला राखायचा, असे आम्ही ठरवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला तेव्हा पन्नाशी आली होती. पहिल्या वेळी राग होता, त्या रागावर काम होत होते. दुसऱ्या वेळी राग नव्हता. नुसते काम होते. त्या पाच वर्षांतला थकवा माझ्या अंगातून अजून निघालेला नाही.

कलम ६. आता जे लिहवते ते मी कोणालाही सांगितलेले नाही. बनाबाईलाही नाही.

सन १९७२ ला पाऊस आलाच नाही म्हटले तरी चालेल. बोरू गुडघ्याएवढा झाला, तसाच कापून अंथरला. शाळू टोबला तेव्हा आच्छादनाखाली बोटाला थोडी ओल लागत होती. कणसे आली ती अंगठ्याएवढी. नऊ एकरांत चार पोती ज्वारी झाली आणि गाईला कडबा झाला. ही काही मोठी गोष्ट नव्हे, पण त्या साली शिवारात एवढीही दुसरीकडे झाली नाही. भासऱ्यांच्या तीस एकरांत खळे करायची वेळ आली नाही. त्यांचे बैल चाऱ्यावाचून गेले, मुलगा सहदेव खडी फोडायच्या कामावर जाऊ लागला.

त्र्याहत्तरच्या वैशाखात भासरे माझ्या दारात आले. जावेला बरोबर आणले नव्हते. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. डोक्याचा रुमाल हातात होता. म्हणाले, “सोजरा, बोरू-मटकीचं बी हाय का तुझ्यापाशी? बैल तं राह्यले नाहीत. यंदा मीही टोबूनच पाह्यतो.”

त्यांनी माझे नाव घेतलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

माझ्यापाठीमागे उतरंडीला तीन मडकी बियाण्याने भरलेली होती. राख घालून, तोंडाला शेण-माती लावून बंद केलेली. मी आतून म्हणाले, “नाही.”

ते म्हणाले, “बरं.” आणि गेले.

ते भाद्रपदात वारले. त्यांना दम्याचा त्रास आधीपासून होता आणि वय सत्तरीचे होते. माझ्या एका शब्दाने माणूस मेला असे मी म्हणत नाही. पण त्या साली पाऊस बरा झाला, आणि त्यांचे तीस एकर उघडेच राहिले. ते रोज धुऱ्यावर येऊन बसत. मी माझ्या वावरात खुरपत असे. आमच्यामध्ये वीस पावलांचे अंतर होते. मी कधीही उठून जाऊन सांगू शकले असते की बी आहे, न्या. रोज वाटे की उद्या सांगू. मग ते येईनासे झाले.

त्यांनी माझे वावर उलटले ते उघड, दिवसाढवळ्या, चांगले करतो असे समजून. मी केले ते दार लावून, वाईट आहे हे समजून. या दोन गोष्टी मी पुष्कळदा शेजारी ठेवून पाहिल्या आहेत.

हे कलम लिहून झाल्यावर भगवंतरावांनी ते मोठ्याने वाचले. अन्नपूर्णाबाई साक्षीसाठी आल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्या म्हणाल्या, “मले मालूम होतं. त्या आठवड्यात मी ताकाले तुझ्या घरी आली होती. मडकी पाह्यली होती.” मी विचारले की मग त्यांना का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, “वीस वर्सं तुमचे निरोप नेले-आणले, बाई. मले कंटाळा आला होता.” मग त्यांनी पाणी मागितले. त्यांच्या संमतीने हे इथे लिहिले आहे.

कलम ७. वरील कारणांनी मी वावराची व्यवस्था अशी लावते.

(अ) गाडरस्त्याकडील, म्हणजे उत्तरेचे, दोन एकर बनाबाईला द्यावेत, पूर्ण मालकीने. गाय आणि तिची कालवडही तिला. तिने एकवीस वर्षे केलेल्या कामाची ही मजुरी नाही. मजुरी मी वेळच्या वेळी दिली. हे वावर जितके माझ्या हाताने झाले तितकेच तिच्या हाताने झाले, म्हणून तिचे आहे ते तिच्या नावावर व्हावे.

(ब) उरलेले साडेसात एकर कै. हिंमतराव यांची सून, सहदेवची बायको, वच्छलाबाई हिला द्यावेत. सहदेवच्या नावाने नाही. तिच्या.

वच्छलाबद्दल सांगते. सासरा गेल्यावर मार्गशीर्षात ती धुरा ओलांडून माझ्याकडे आली. लग्नाला सहा वर्षे झाली, तिला मूल नाही, म्हणून चार बायांत तिला बोलवत नाहीत. मला वाटले बी मागायला आली. तिने बी मागितले नाही. खाली बसली, आच्छादन बाजूला केले, मूठभर माती उचलली आणि चुरून पाहिली. मग विचारले, “काकी, ही माती हाताले काऊन चिकटत नाही?”

एकवीस वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. हसले, समजावून गेले, वहीत लिहून गेले; विचारले कोणी नाही. मी तिला मला माहीत होते ते सांगितले आणि माहीत नव्हते तेही सांगितले. पहिली दोन-तीन वर्षे वाईट जातात आणि लोक हसतात, हे बजावून सांगितले. ती म्हणाली, “लोक तं आताही हसूनच राह्यले.” त्या दिवसापासून ती रोज सकाळी येते. हिवाळ्यात तिने बोरूचे बी स्वतः झोडले. तिचा हात हलका आहे.

सहदेवला मी विचारून घेतले आहे. तो म्हणाला की काकी, तुम्ही द्याल ते तिला द्या, मी आड येणार नाही. तो माणूस त्याच्या शब्दाचा आहे असे मी धरून चालते.

(क) वच्छलाने वावरात नांगर घालू नये अशी अट टाकावी, असे माझ्या मनात होते. मेहकरच्या वकीलसाहेबांनी सांगितले की वावर एकदा पूर्ण मालकीने दिले की अशी अट चालत नाही. मलाही ते पटले. माझ्या वावराचे काय करायचे ते दुसऱ्याने ठरवले तेव्हा मला कसे वाटले ते मी वर लिहिले आहे. म्हणून अट नाही. वच्छला, पुढे तुला स्वतःला वाटले की नांगरावे, तर नांगर. कोणी लाजवले म्हणून नांगरू नको.

कलम ८. किरकोळ.

गोठ्यातला लोखंडी नांगर सहदेवला द्यावा. तो अजून चांगला आहे. त्याच्या वावरात दक्षिणेला हरळी माजली आहे, तिथे एकदा खोल नांगरल्याशिवाय इलाज नाही. मी नांगराची वैरीण नाही.

बियाण्याची मडकी आता सात आहेत. ती वच्छला आणि बनाबाई यांच्यात वाटावीत, आणि गावातले कोणीही मागायला आले तर मूठभर का होईना द्यावे. कोणीही म्हणजे कोणीही.

पश्चिमेच्या कडूबाने आमच्यामधला धुरा सन १९६१ मध्ये दोन हात माझ्याकडे सरकवला आहे. तो रोज थोडा थोडा सरकवला म्हणून मला कळले नाही असे त्याला वाटते. त्यासाठी मोजणी आणू नये, भांडू नये. फक्त हा कागद त्याला वाचून दाखवावा.

विळे, खुरपी, कुदळ बनाबाईकडे. तिची कुदळ माझ्यापेक्षा बरी चालते. माझी दोन नवी लुगडी अन्नपूर्णाबाईंना द्यावीत, त्या घेणार नाहीत, तरी द्यावीत.

कलम ९. माझ्या मरणाबाबत.

मला नाल्याच्या काठी जाळावे. तेराव्याला गोडधोड करण्याची गरज नाही. कोकिळेला करावेसे वाटले तर तिच्या मेहकरच्या घरी करावे, ऐपतीबाहेर नाही.

मी कोणत्या महिन्यात मरेन ते माझ्या हातात नाही. टोबणीच्या दिवसांत मेले, आणि त्या दिवशी वाफसा असला, तर वच्छलाने आणि बनाबाईने माझ्यासाठी वावर सोडून येऊ नये. सांगायला आलेल्या माणसाला धुऱ्यावर थांबवावे आणि हातातली ओळ पुरी करावी. मी थंड झालेली असेन, मला एक दिवस थांबता येईल. वाफशाला येत नाही. सुतकात बी टाकले तर दोष लागतो असे गावात म्हणतात. तो लागला तर माझ्या नावावर लागावा असे मी इथे, शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांसमोर लिहून देते. वर गेल्यावर कोणी विचारले तर मी सांगेन की त्यांना मीच सांगितले होते.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, समजून घेतले, आणि राजीखुशीने सही केली.

ठिकाण : मौजे सुलतानपूर, तालुका मेहकर
दिनांक : १२ एप्रिल १९७४, चैत्र, शके १८९६

(सही) सोजराबाई पुंजाजी अवचार

साक्षीदार :
१. (सही) पंजाबराव म्हस्के, धंदा शेती, राहणार सुलतानपूर. सोजराबाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. अन्नपूर्णाबाई, कै. हिंमतराव अवचार यांची विधवा, राहणार सुलतानपूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. सोजराबाईंनी माझ्यासमोर सही केली.

लेखक : भगवंतराव लहाने, सेवानिवृत्त शिक्षक. वरील मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिला व सर्वांसमक्ष वाचून दाखवला. पाच ठिकाणी मजकूर कमी करावा असे मी सुचवले होते. ते त्यांनी मान्य केले नाही. खाडाखोड नाही.